खाली मान घालणाऱ्या पोराबद्दल

वसमत, जि. हिंगोली

चि. छोटी हीस,


तुझं पत्र मिळालं. सहलीच्या डब्यातले पैसे कमी भरले, तू चौथीतल्या एकेकाला उभं करून विचारलंस, तांड्यावरच्या त्या पोरानं मान वर केली नाही, म्हणून तोच चोर, असं तुझं आणि तुझ्या हेडसरांचं ठरलं. अगं, इतक्या झटपट निकाल तर कोर्टातही लागत नाही.

नजर चुकवतो तो खोटं बोलतो, ही समजूत काही तुझी एकटीची नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 58 देशांतल्या लोकांना विचारलं होतं, की माणूस खोटं बोलतोय हे तुम्ही कशावरून ओळखता? सगळ्यांत जास्त वेळा हेच उत्तर आलं. पण ज्यांनी खोटं बोलणाऱ्यांना प्रत्यक्ष तपासून पाहिलं, त्यांना नजरेचा आणि खोटेपणाचा म्हणावा असा संबंध सापडला नाही. मुरलेला लबाड उलट तुझ्या डोळ्यांत डोळे घालून शपथ घेईल. त्यालाही ती समजूत ठाऊक असते ना!

आणि आपल्या भागात वर बघायला शिकवतं कोण? सून सासऱ्यासमोर खाली बघून बोलते, सालगडी मालकासमोर. बँकेत थकलेल्या पीककर्जाचं विचारलं की चांगला उंचापुरा शेतकरी चपलेच्या अंगठ्याकडे बघत उत्तर देतो. त्यात लाज असते, लबाडी नसते. घरात मोठ्यांपुढे नजर खाली ठेवली की पोराला शहाणं म्हणतात, शाळेत तेच केलं की चोर. त्या लेकरानं करावं तरी काय?

दुसरं असं, की ते घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतं. तुझा मराठी प्रश्न त्याला आधी मनात उलटवून घ्यावा लागतो, मग उत्तर जुळवावं लागतं. तोंडाकडे बघत अवघड विचार कुणालाच नीट करता येत नाही. आडत्यानं भाव विचारला की हळद विकणारासुद्धा आकडा मनात मांडताना ढिगाकडेच बघतो. ब्रिटनमध्ये काही संशोधकांनी पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना मुद्दाम नजर बाजूला वळवायला शिकवलं, तेव्हा त्यांची उत्तरं सुधारली. तेव्हा ‘इकडं बघ, माझ्याकडं बघून सांग’ हे तुमच्या शाळेत दिवसभर चालतं ते आधी बंद कर. हनुवटी धरून तोंड वर करणं तर मला बघवतच नाही.

क्वचित एखादं मूल वेगळ्याच कारणानं नजर देत नाही. नावानं हाक मारली तरी वळत नाही, बोलायला उशिरा लागलेलं असतं, एकच वस्तू तासन्‌तास फिरवत बसतं, घंटेच्या आवाजानं कान झाकून घेतं. ती स्वमग्नता असू शकते. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आहे. पण एकट्या नजरेवरून तसा शिक्का मारणं हीही तितकीच घाई. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी नुसत्या वजन-उंचीवर त्यांना जाऊ देऊ नकोस. तुझी निरीक्षणं वहीत तारखेनिशी लिहून ठेव आणि समोर ठेव.

मला खरी धास्ती कशाची वाटते सांगू? जन्माची लाजरी पोर खाली बघते याची नाही. काल-परवापर्यंत खळखळून बोलणारी सातवीतली मुलगी एकाएकी भिंतीकडे बघून बोलायला लागली, तर तू जागी हो. घरात मार असेल, लग्नाची बोलणी चालू असतील, कुणी अंगचटीला येत असेल. आई-बाप ऊसतोडीला गेलेले आणि पोर आजीजवळ ठेवलेली, अशा घरांत तर जास्तच लक्ष दे. सवय किती जुनी आहे हे बघत जा. बदललेली नजर जास्त सांगते. तिला वर्गात उभं करून विचारू नकोस. खोलात जाऊन उलटतपासणीही नको. ऐकून घे, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस, आणि गरज वाटली तर 1098 ला फोन कर. तो फोन करायला हेडसरांची परवानगी लागत नाही.

त्या पोराचं म्हणशील, तर खिचडीची ताटं मोजताना, पुस्तकांना कव्हर घालताना त्याला शेजारी बसव. हाताला काम असलं आणि समोर चेहरा नसला की मुलं आपोआप बोलतात. सगळ्यांदेखत विचारलेल्या प्रश्नाला मान खाली घालणं हे एकच उत्तर त्याच्याजवळ होतं. पैसे शोधायचे तर डबा कुणाच्या ताब्यात होता, यादी कुणी लिहिली, बेरीज कुणी तपासली, तिथून सुरुवात कर. आणि हो, त्याला शेवटच्या बाकावरून फळ्यावरचं वाचायला लाव. ज्याला फळा दिसत नाही ते पोरही वहीतच तोंड खुपसून बसतं.

रविवारी फोन कर. पैसे सापडले का ते मागून सांग, त्याला फळा वाचता आला का ते आधी.

तुझी,
आत्या