तांबे : पोषक केव्हा, मारक केव्हा ?

लोह, तांबे, जस्त इत्यादी धातू शरीरास अत्यल्प प्रमाणात आवश्यक असतात, हे आरोग्याच्या पाठात मुलांना सांगितले जाते. परंतु एखादी वस्तू आवश्यक म्हटली की ती जितकी अधिक तितकी चांगली, अशी समजूत मुलांच्याच नव्हे, तर पालकांच्याही मनात सहज रुजते. ही समजूत किती घातक ठरते याचे उदाहरण दूर शोधावयास नको. ते महाराष्ट्रातील स्वयंपाकघरातच घडलेले आहे.

प्रौढ माणसाच्या सबंध शरीरात सुमारे १०० मिलिग्रॅम तांबे असते आणि त्याची रोजची गरज एक ते दोन मिलिग्रॅमची असते. शरीरातील लोह रक्ताच्या कामी यावे यासाठी हे तांबे लागते. ते न मिळाल्यास पंडुरोग होतो. गरजेहून अधिक आलेले तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. मोठ्या माणसाचे यकृत हे काम बिनबोभाट करते. तान्ह्या मुलाच्या यकृताला मात्र ते अद्याप नीट साधत नाही. सारा अनर्थ या एका गोष्टीत आहे.

विसाव्या शतकात भारतात सहा महिने ते चार-पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये यकृताचा एक भयंकर रोग आढळत असे. मूल किरकिरे होई, पोट फुगे, यकृत वाढून हाताला कठीण लागे, पुढे कावीळ होई आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरात एकामागून एक भावंडे गेल्याची उदाहरणे होती. त्यामुळे हा रोग कुळातच असावा असे मानले जाई. त्या मातांना काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

अशा मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा असतो, असे पुढे तपासणीत दिसून आले. हे तांबे येते कोठून, याचा शोध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर व त्यांचे सहकारी यांनी घेतला. १९८३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आजारी मुलांना फार लवकर वरचे दूध सुरू केलेले असे, आणि ते दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापविलेले व ठेवलेले असे. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. आईच्या दुधात तांबे थोडेच असते. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यातील गाईम्हशीच्या दुधात मात्र ते भांड्यातून उतरते.

ताक किंवा चिंचेचे सार अशा भांड्यात कळकते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक होते. त्यासाठीच कथलाची कल्हई लावून घेतली जाई. दूध आंबट नसते, म्हणून त्याविषयी कोणास शंका आली नाही. कल्हई झिजली तरी दुधाचे पातेले तसेच चुलीवर चढे. पुढे स्टीलची भांडी घरोघरी आली, लोकांना माहितीही मिळाली, आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियातील टिरोल या डोंगराळ प्रांतातही अशीच कथा घडली. तेथे १९०० ते १९७४ या काळात अशा १३८ बालकांची नोंद आहे. तेथेही कल्हई नसलेली तांब्यापितळेची भांडी व गाईचे दूध हेच कारण आढळले. असे दूध प्यालेले प्रत्येक मूल आजारी पडत नसे. काहींत जन्मजात दुबळेपणाही असावा, असे तज्ज्ञ मानतात.

वर्गात हे दाखविणे कठीण नाही. मीठ घातलेल्या लिंबाच्या रसात तांब्याची तार काही दिवस बुडवून ठेवावी. रस हिरवट-निळसर होतो. तो मुलांच्या तोंडी जाणार नाही अशी काळजी घेऊन ओतून टाकावा. तांब्याच्या भांड्यातील पाणी पिण्याची आवड अलीकडे पुन्हा वाढली आहे. साध्या पाण्याने मोठ्या माणसास सहसा अपाय होत नाही. परंतु तान्ह्या मुलाचे दूध आणि आंबट पदार्थ यांना ते भांडे वर्ज्य समजावे, हे माता-पालक सभेत अवश्य सांगावे.

लोहाची गोष्ट तर शाळेच्या कपाटातलीच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांना आठवड्यातून एकदा द्यावयाच्या गुलाबी गोळीत ४५ मिलिग्रॅम लोह असते आणि ती पंडुरोगावर खरोखर गुणकारी आहे. परंतु तिला साखरेचे आवरण असते व लहान मुलास ती खाऊसारखी दिसते. अधिक झालेले लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. १५ किलो वजनाच्या बालकाने सातआठ गोळ्या एकदम खाल्ल्या तरी वांत्या व पोटदुखी सुरू होऊ शकते. वीस गोळ्या त्याच्या जिवावर बेततात. वांत्या थांबून मूल मधेच बरे दिसू लागते, त्यावर विसंबू नये. त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. गोळी शिक्षकांनी स्वतःसमोर खाऊ घालावी, घरी धाकटे भावंड असते म्हणून ती दप्तरात जाऊ देऊ नये, आणि डबा मुलांचा हात न पोहोचेल अशा ठिकाणी कुलपात ठेवावा.