कुस्कोच्या भिंती

उर्दूत आपण ज्या फळाला अमरूद म्हणतो, त्याला मराठीत पेरू म्हणतात. पण या पाठातला पेरू म्हणजे दक्षिण अमेरिका खंडातील एक देश. या देशातून अँडीज पर्वताच्या रांगा जातात. त्या पर्वतात कुस्को नावाचे जुने शहर आहे. चला, ते पाहू या.

कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. इतक्या उंचावर हवा विरळ असते. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. काहींचे डोके दुखते. म्हणून नव्या पाहुण्याने पहिला दिवस विश्रांती घ्यावी आणि मगच गल्ल्या हिंडाव्यात.

या गल्ल्यांत पाहायच्या त्या भिंती. कुस्को ही इंका लोकांच्या मोठ्या साम्राज्याची राजधानी होती. त्यांच्याजवळ लोखंडाची हत्यारे नव्हती, ओझे वाहायला चाकाची गाडी नव्हती. तरी त्यांनी दगडाने दगड ठोकून आणि घासून असे बसवले, की सांध्यात चाकूचे पातेही शिरत नाही. मध्ये चुना नाही की माती नाही. हातुन रुमियोक नावाच्या अरुंद गल्लीत एका दगडाला बारा कोन आहेत. शेजारचे दगड त्या बाराही कोनांना बरोबर जुळवलेले आहेत. प्रवासी तेथे थांबून एक, दोन, तीन असे कोन मोजतात.

१५३३ साली स्पॅनिश सैन्य कुस्कोत शिरले. कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवर सोन्याचे पत्रे होते. ते उतरवून वितळवण्यात आले. मंदिराच्या पायावर चर्च आणि मठ उभा राहिला. आजही शहरात अनेक ठिकाणी खाली इंकांची भिंत आणि वर स्पॅनिश इमारत दिसते.

२१ मे १९५० रोजी मोठा भूकंप झाला. शहरातील असंख्य घरे पडली. कोरिकांचावरील चर्चचीही मोठी पडझड झाली, पण त्याखालच्या इंका भिंती टिकल्या. याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे. त्या वर जाताना किंचित आत झुकतात. दारे व कोनाडे खाली रुंद आणि वर निमुळते आहेत. चर्च पुन्हा बांधले गेले. आता पाहुण्यांना त्याच आवारात इंकांच्या जुन्या खोल्याही पाहता येतात.

शहराच्या वरच्या टेकडीवर साक्सायवामान आहे. तेथील नागमोडी तटात शंभर टनांहून जड दगड आहेत. स्पॅनिश लोकांनी आपल्या घरांसाठी येथील लहान दगड नेले. मोठे त्यांना हलवता आले नाहीत!

बाजारात जाल तर रंगीबेरंगी बटाट्यांच्या राशी दिसतील. बटाट्याची शेती मुळात याच पर्वतात सुरू झाली. तेथून तो युरोपात गेला आणि पुढे आपल्या ताटात आला.

याच शहरात १५३९ साली गार्सिलासो दे ला वेगा जन्मला. आई इंका राजघराण्यातील, वडील स्पॅनिश सरदार. घरी तो आईची क्वेचुआ भाषा बोले आणि मामांकडून जुन्या राजांच्या गोष्टी ऐके. १५६० साली तो स्पेनला गेला, तो परत आलाच नाही. तेथे त्याने इंकांचा इतिहास लिहिला, पण वडिलांच्या भाषेत. १६०९ साली छापलेला तो ग्रंथ आजही अभ्यासक वाचतात.

१६१६ साली तो कॉर्दोबा येथे वारला. हेच आपले कुर्तुबा. ज्या मशिदीवर इक्बालांनी नज्म लिहिली, ती तेव्हा चर्च झालेली होती. तिथेच गार्सिलासोला पुरले. १९७८ साली त्याच्या अस्थींचा काही भाग कुस्कोला आणण्यात आला. मुख्य चौकातील ज्या चर्चमध्ये तो ठेवला आहे, तेही इंकांच्या एका इमारतीच्या जागीच बांधलेले आहे.