भूक, भिक्षा आणि हक्क

दारीं आलेल्या भुकेल्यास भाकर घालणें हा आपल्या लोकांचा जुना धर्म होय. परंतु ज्याला आज भाकर मिळाली त्याचें उद्यां काय, ह्या प्रश्नाचें उत्तर एकट्या दात्यापाशीं नसतें. तें कोठें शोधावें, हें समजण्यासाठीं अलीकडच्या इतिहासांतील एक उदाहरण पाहूं.

इ. स. २००१ सालीं राजस्थानांत दुष्काळ होता. खेड्यांतून लोक उपाशी होते, आणि त्याच वेळीं देशाच्या सरकारी कोठारांत ५ कोटी टनांहून अधिक धान्य सांठलें होतें. हें पाहून त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' ह्या संस्थेनें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. राज्यघटनेचें २१ वें कलम जीविताचा हक्क देतें, आणि अन्नावांचून जीवित राहत नाहीं, असा तिचा युक्तिवाद होता. ता. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यायालयानें आज्ञा केली कीं, सर्व सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत वर्षांतून निदान २०० दिवस मुलांस शिजविलेलें जेवण द्यावें.

परंतु आज्ञा निघाली म्हणून चूल पेटतेच असें नाहीं. पुष्कळ राज्यांनीं दिरंगाई केली. तेव्हां ता. ९ एप्रिल २००२ रोजीं ९ राज्यांतील शंभराहून अधिक जिल्ह्यांत लोकांनीं एकाच दिवशीं ही मागणी केली. कोठें मुलांस उघड्यावर जेवूं घातलें. कोठें मुलें रिकाम्या थाळ्या घेऊन रस्त्याच्या कडेला रांगेनें उभीं राहिलीं. पुढें एकामागून एक राज्यांत चुली पेटल्या, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें शाळेंतील हें जेवण मुलांचा हक्क ठरला.

दान तुच्छ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या पोटांत आग आहे त्याला आधीं जेवूंच घातलें पाहिजे. पण दान दात्याच्या मर्जीवर चालतें आणि घेणाऱ्यास मान खालीं घालावयास लावतें. हक्क मात्र ताठ मानेनें मागतां येतो. त्या मागणीस बळ येण्यास खरी माहिती, एकजूट आणि चिकाटी हीं तीन साधनें लागतात.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही थोडें करतां येईल. स्वस्त धान्याच्या दुकानावरील फलक वाचावयास शिका. शेजारच्या निरक्षर आजीबाईंच्या वांट्याला किती धान्य ठरलें आहे व हातीं किती आलें, हें वडील माणसांस बरोबर घेऊन पडताळा. कमी आलें असल्यास तारीख व वजन टिपून त्यांचा अर्ज लिहून द्या. तक्रार ऐकणारा अधिकारी जिल्ह्यांत असावा, अशी तरतूद त्याच कायद्यांत आहे. पालकांनींही एकट्यादुकट्यानें न जातां दहा घरांनीं मिळून जावें. ज्यांस अक्षरें मिळालीं नाहींत, त्यांच्या भाकरीसाठीं आपलीं अक्षरें झिजलीं, तरच विद्येचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.