आधी बिल कमी करा, मग वर्गणी: विमा नसलेल्या तरुण रुग्णासाठी परतूरकरांनी काय करावे

पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी आयसीयूत गेली आणि विमा नसला, की पहिल्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड फिरू लागतो. वर्गणी लागेलच, पण ती दुसरी पायरी आहे. सवलतींचे बहुतेक मार्ग रुग्ण दाखल असेपर्यंतच खुले असतात. सुट्टी घेऊन बिल भरून टाकले, की सरकारी मदतीतून ते पैसे परत मिळत नाहीत.

विमा खरेच नाही का, ते आधी बघा. मुलगा वाळूजला, चाकणला किंवा जालन्यातल्या कारखान्यात कामाला असेल आणि पगार 21 हजारांच्या आत असेल, तर पगारचिठ्ठीत ईएसआयसीची कपात शोधा. ठेकेदारामार्फत लागलेल्या कित्येक पोरांना आपला ईएसआयसी नंबर आहे, हेच ठाऊक नसते. रस्त्यावरचा अपघात असेल तर 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघातापासून 7 दिवस, दीड लाखापर्यंत. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी. ती लगेच करा.

आता महात्मा फुले जनआरोग्य योजना. पिवळे, केशरी, पांढरे, कोणतेही रेशनकार्ड चालते. 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. रुग्णालयात शिरताच आरोग्यमित्राचे टेबल गाठा आणि नेमका प्रश्न विचारा: ‘याच आजाराच्या, याच शस्त्रक्रियेसाठी हे रुग्णालय योजनेत आहे का?’ नुसते ‘योजना आहे का’ विचारले तर ‘आहे’ असे उत्तर मिळते आणि हृदयाचे काम त्यात नाही, हे चौथ्या दिवशी कळते. तिथे नसेल आणि डॉक्टर रुग्ण हलवता येईल म्हणत असतील, तर जालन्याचे सिव्हिल किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी गाठा. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे.

कागद दोनच, पण तरुणांचे तिथेच अडते. रेशनकार्डावर रुग्णाचे नाव हवे आणि आधारकार्ड हवे. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेले असते, सासरच्या कार्डावर चढलेले नसते. घरातल्या एकाने त्याच दिवशी परतूर तहसीलचा पुरवठा विभाग गाठावा. दुसरी अडचण नावाची. मित्र रुग्णाला घेऊन येतो आणि केसपेपरवर ‘माऊली’ लिहून देतो. आधारवर असते ‘ज्ञानेश्वर’. दाखल करतानाच आधारवरचे नाव लिहा, नाहीतर मंजुरी अडकते.

‘योजनेत बसवतो, पण वरचे पैसे रोख द्या’ असे कुणी म्हणाले तर देऊ नका. पॅकेजमध्ये औषधे, तपासण्या आणि रुग्णाचे जेवण धरलेले असते. तक्रार 155388 किंवा 1800 233 2200 वर करा, आणि बाहेरून आणायला लावलेल्या औषधांची चिठ्ठी जपून ठेवा.

योजनेत न बसणारे उपचार असतील तर रुग्णालय धर्मादाय आहे का, ते पाटीवर वाचा. धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. हे काम बिलाच्या खिडकीवर होत नाही. वैद्यकीय समाजसेवकाला भेटा.

सोबत मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज लावा. लागणारे कागद: रुग्णालयाचे अंदाजपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला (मर्यादा 1 लाख 60 हजार), आधार, रेशनकार्ड, वैद्यकीय अहवाल, अपघात असेल तर पोलिसांचा कागद. खासगी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सहीही लागते. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. पूर्ण बिल यातून निघत नाही, हे धरूनच चाला. अर्जाला फी नाही; ‘मंत्रालयात ओळख आहे’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. चौकशी 1800 123 2211 वर.

उत्पन्न दाखल्याची मुदत 15 दिवसांची आहे, म्हणून पहिल्याच दिवशी सेतूत अर्ज टाका आणि रुग्ण दाखल असल्याचा कागद तहसीलदारांना दाखवून निकड सांगा. या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. 500 चा बाँड आणायला सांगितले तर नकार द्या.

एवढे झाल्यावर उरलेल्या रकमेसाठी वर्गणी मागा. आवाहनात आजार, रुग्णालय, अंदाजे खर्च, योजनेतून मंजूर झालेली रक्कम आणि कमी पडणारा आकडा लिहा. खाते शक्यतो रुग्णालयाचे द्या. रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहायला लावा. रुग्णालयाला यूपीआयने 5 लाखांपर्यंत भरता येतात, व्यक्तीला साधारण 1 लाख. रुग्णाचे खाते द्यायचे तर बँकेत विचारून घ्या: पूर्ण केवायसी नसलेल्या छोट्या खात्यात वर्षाला 1 लाखाच्या वर जमा होत नाही आणि महिन्याला 10 हजारांच्या वर काढता येत नाही. ऐन गरजेला पैसे अडकतात. शिवाय नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात 50 हजारांच्या वर आलेल्या रकमेवर आयकराचा प्रश्न येतो. हिशेब ठेवा, सीएला विचारा.

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू अशा संकेतस्थळांवर ‘शून्य टक्के’ दिसले तरी खालच्या ओळी वाचा. पेमेंट गेटवेचा खर्च, जीएसटी आणि जाहिरातीचे पॅकेज वेगळे असते. जाहिरातीचा खर्च जमलेल्या रकमेतूनच कापतात. ‘हातात नक्की किती येतील’ हे लेखी घ्या. ज्यांची ओळखपाळख गावापुरतीच आहे, त्यांना माझ्या मते गावचा, शाळेचा आणि कारखान्यातला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच जास्त देतो, आणि कपातीविना देतो.

तरीही कर्ज काढावे लागले तर आधी बँकेत सोने तारण ठेवा. सावकाराचा महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्केच घेता येतात; बिगरशेतकऱ्यांसाठी हे दर 15 आणि 18 आहेत. कोऱ्या बाँडवर सही करू नका, जमिनीचे खरेदीखत तर मुळीच करून देऊ नका. कुणी तसा आग्रह धरला तर सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.