नाकारलेली देणगी : पठ्ठे बापूराव, पवळा आणि कलावंताच्या पाठराखणीचा प्रश्न

डिसेंबर २०१७ मध्ये जयपूर, अजमेर आणि राजस्थानातील आणखी काही शहरांत वाल्मीकी समाजातील लोक चित्रपटगृहांसमोर जमले आणि त्यांनी त्याच आठवड्यात प्रदर्शित झालेल्या ‘टायगर जिंदा है’ या चित्रपटाची भित्तिपत्रके फाडली. रोषाचे कारण चित्रपटात नव्हते. त्याचा नायक सलमान खान आणि अभिनेत्री शिल्पा शेट्टी यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत, सफाईकामाशी पिढ्यान्‌पिढ्या जखडून टाकलेल्या एका जातीचे नाव गबाळ्या दिसण्याचा पर्याय म्हणून हसतहसत वापरले होते. शेट्टी यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. चुरू येथे गुन्हा नोंदला गेला. शेट्टी यांच्यापुरता तो राजस्थान उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरवला. चित्रपट मात्र उत्तम चालला. त्या वर्षी सर्वाधिक उत्पन्न मिळवणाऱ्या हिंदी चित्रपटांत त्याची गणना झाली.

अशा प्रसंगी सुशिक्षित वर्गात जी चर्चा होते तिचा साचा ठरलेला असतो : कलावंताचे वर्तन निंद्य असेल तर त्याची कला पाहावी की पाहू नये? हा प्रश्न खोटा नाही, परंतु त्यात एक गैरसोय आहे. तो सारा भार प्रेक्षकाच्या सदसद्विवेकावर टाकतो आणि ज्याला इजा झाली त्याला चर्चेच्या कडेला उभे करतो. दुखावलेला माणूस येथे केवळ दुखावलेला असतो. निर्णय घेणारा असतो तो तिकीट विकत घेणारा. मराठी सांस्कृतिक इतिहासात याच प्रश्नाची एक उलटी बाजू नोंदली गेली आहे. तेथे कलावंत स्वतःहून मदतीचा हात पुढे करतो आणि ज्यांच्या माणसांवर त्याची मिळकत उभी आहे त्यांचा नेता तो हात नाकारतो. भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासात या घटनेला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

घटना १९२७ सालची. त्या वर्षीच्या १९ आणि २० मार्चला महाड येथे परिषद भरली आणि चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्राशन केले. त्यानंतर सवर्णांनी केलेली मारहाण, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ आणि डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेची सिद्धता हा सारा काळ चळवळीला पैशाची अत्यंत निकड असण्याचा होता. अशा वेळी तमाशाच्या क्षेत्रातील सर्वांत गाजलेले नाव, शाहीर पठ्ठे बापूराव, यांनी आपल्या आठ खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाच्या निधीस देऊ केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते स्वीकारले नाही. महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्याच समाजाच्या मुक्तीसाठी घेता येणार नाही, असा त्या नकाराचा आशय होता. प्रसंगाचे बारकावे निरनिराळ्या कथनांत थोडेफार बदलतात. देकार, नकार आणि नकाराचे कारण हा गाभा मात्र कायम राहतो.

बापूराव हे कोणी सामान्य फडमालक नव्हते, आणि म्हणूनच या नकाराला वजन आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८६६, गाव वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष, घर ब्राह्मणाचे. ते त्यांनी सोडले, तमाशाच्या फडात मिसळले, महार-मांग कलावंतांबरोबर उठले-बसले आणि पवळा या महार कलावतीबरोबर संसार व फड दोन्ही चालवले. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे पवळेचे गाव. तिच्या रूपाची, गळ्याची आणि अदाकारीची कीर्ती एवढी होती की मुंबईच्या थिएटरांत बापूरावांच्या रचनेइतकीच गर्दी तिच्या नावाला होई. सनातनी पुण्याला हे जोडपे खुपले, यात नवल नाही. पुढच्या पिढीच्या उदारमतवादी लेखकांनी याच गोष्टीचा गौरव केला : जातीचे कुंपण ओलांडणारा शाहीर, प्रेमासाठी आणि कलेसाठी ब्राह्मण्य झुगारणारा कवी. राम जोशी, अनंत फंदी या ब्राह्मण शाहिरांच्या परंपरेत त्यांना बसवणे सोपे होते. १९५० साली त्यांच्यावर चित्रपटही निघाला.

हा गौरव निराधार म्हणता येणार नाही. जात सोडणे ही १९०० च्या आसपास किरकोळ गोष्ट नव्हती. परंतु आंबेडकरांच्या नकाराने जे पाहिले ते या गौरवाने पाहिले नाही. बापूरावांनी जात सोडली ती स्वतःची. पवळेची जात तिला सोडता आली नाही, कारण फडाच्या आकर्षणात तिच्या जातीचाही वाटा होता. अस्पृश्य स्त्री स्पर्शाला वर्ज्य, पण नजरेला आणि पैशाला उपलब्ध : हा व्यवहार जातिव्यवस्थेच्या बाहेर घडत नाही, तो तिच्या पोटातच घडतो. दौलतजादा करणारा सवर्ण प्रेक्षक नाणे फेकतो तेव्हा तो विटाळाचा नियम मोडत नसतो. नाणे फेकण्याची कृतीच तो नियम पाळते. ब्राह्मण शाहिराच्या बंडाचे आणि महार नर्तकीच्या उपजीविकेचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहावे लागतात, ही गोष्ट मराठी लावणीच्या बहुतेक इतिहासकारांनी टाळली आहे.

लावणीची रचनाच या ठिकाणी साक्ष देते. शृंगारिक लावणीतील ‘मी’ बहुधा स्त्रीचा असतो. विरह तिचा, लाडिक तक्रार तिची, आमंत्रणही तिचे. शेवटच्या कडव्यात मात्र नाममुद्रा येते, आणि ती पुरुषाची. मधल्या सर्व ओळींना शरीर आणि आवाज देणारी बाई त्या मुद्रेत कोठेच नसते. हे होनाजीच्या काळापासून चालत आले आहे. बापूराव त्याला अपवाद नाहीत. संतकाव्याच्या नाममुद्रेवर मराठीत भरपूर लिहिले गेले. लावणीच्या नाममुद्रेचा विचार मालकीच्या अंगाने करण्याची गरज फारच थोड्यांना वाटली.

जयपूरमध्ये बसून हा विषय पाहणाऱ्या अभ्यासकाला एक तुलना सहज सुचते. या शहराच्या ब्रह्मपुरी भागात होळीच्या सुमारास ‘तमाशा’ या नावाचाच एक नाट्यप्रकार सादर होतो. बंशीधर भट्ट यांच्यापासून तो भट्ट घराण्याने जपला. उघड्या आखाड्यावर, रागदारीवर बांधलेल्या गायनातून ‘रांझा-हीर’ किंवा ‘जोगी-जोगन’ यांचा खेळ रंगतो. त्याला जयपूर दरबाराचा आश्रय होता आणि पुढे संस्थांनी त्याचा आदरही केला. शब्द तोच, मोकळा रंगमंच तोच, प्रेमकथेची ओढही तीच. तरीही या तमाशाला कोणी कधी अश्लील म्हटले नाही, त्याच्यावर बंदी घाला असे म्हटले नाही, आणि त्याचा पैसा घ्यावा की नाही असा पेच कोणत्याही चळवळीपुढे उभा राहिला नाही. कारण उघड आहे. तेथे गाणारे पुरुष आहेत, प्रतिष्ठित जातीचे आहेत आणि त्यांच्या अंगावर कोणी नाणी भिरकावीत नाही. महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाखाली तमाशावर निर्बंध आणले आणि मग तो ‘शुद्ध’ करून घेण्याचा उद्योग झाला, तेव्हा या फरकाची चर्चा झाली असती तर बरे झाले असते. दोष कलाप्रकारात शोधला गेला. तो रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामधल्या देवघेवीत होता.

आंबेडकरी चळवळीने कलाप्रकार नाकारला नव्हता, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. सत्यशोधक जलशांनी आधीच तमाशाचा सांगाडा घेऊन त्यातील गण-गौळणीला उलटे केले होते. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला तो त्याच सांगाड्यावर. बतावणी राहिली, सवाल-जवाब राहिले, ढोलकी राहिली. नाचणारी बाई तेवढी काढून टाकली. स्त्रीपात्रे पुरुष करू लागले. कलेचा पुरस्कार आणि कलाव्यवहाराचा निषेध एकाच वेळी करता येतो याचे हे ठोस उदाहरण आहे. ‘कला की नीती’ या नावाने मराठी समीक्षेत जो जुना वाद चालला त्याला हा तिसरा पर्याय कधी दिसलाच नाही. तो वाद बहुतांशी मध्यमवर्गीय कादंबरीच्या अंगणात खेळला गेला.

मात्र जलशाच्या याच यशात एक अडचण दडलेली आहे. बाईला रंगमंचावरून काढले, पण ती गेली कोठे? १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळी, जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रिया यांच्यापुढे आंबेडकरांनी भाषण केले आणि हे जिणे सोडून देण्याचे त्यांना आवाहन केले. आवाहन कठोर होते. त्यामागील तर्क समाजाच्या अब्रूचा होता : काही स्त्रियांच्या अशा उपजीविकेमुळे साऱ्या समाजाला हीनत्व चिकटते. हा तर्क समजण्याजोगा आहे. ज्यांना माणूस म्हणूनच मोजले जात नव्हते त्यांच्या नेत्याला अब्रूची भाषा टाळणे शक्य नव्हते. परंतु त्यात अब्रूचे ओझे पुन्हा स्त्रीच्याच डोक्यावर येते. १९२७ च्या नकाराची धार फडमालकाकडे होती, १९३६ च्या आवाहनाची धार स्त्रीकडे वळलेली दिसते. दोन्हींना एकाच सूत्रात ओवण्याची घाई करू नये. शर्मिला रेगे यांनी लावणीविषयीच्या लेखनात आणि अलीकडे शैलजा पाईक यांनी २०२२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रीला केंद्रस्थानी आणले, तेव्हापासून हा भेद दृष्टिआड करणे अवघड झाले आहे.

आणि मग देणगीचा प्रश्न पुन्हा उघडावा लागतो. आठ खेळांचे ते उत्पन्न कोणाचे होते? देऊ करणारे बापूराव होते, म्हणून नकारही त्यांना मिळाला. पण ते उत्पन्न पवळेने आणि फडातील इतर स्त्रियांनीही मिळवले होते. दान देण्याचा विचार झाला तेव्हा ते बापूरावांच्या नावाने झाले. दान नाकारले गेले तेव्हा ते त्यांच्या मिळकतीची निर्भर्त्सना म्हणून नाकारले गेले. दोन्ही वेळा संभाषण दोन पुरुषांत झाले. आंबेडकरांचा निर्णय योग्यच होता असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही : शोषणातून आलेल्या पैशाने शोषकाला प्रतिष्ठा विकत घेऊ द्यायची नाही, एवढे तरी चळवळीला करणे भाग होते, आणि गरज असताना नकार देण्याला जी किंमत पडते ती त्यांनी मोजली. तरीही तो निर्णय मध्यस्थापुरता पूर्ण आहे, कलावतीपुरता अपुरा. तिच्यासाठी त्यात ना पर्यायी पोट आहे, ना तिच्या गुणाची दखल.

हे अपुरेपण पुढच्या काळात किती महाग पडले ते पाहायचे असेल तर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे चरित्र पुरेसे आहे. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव, तमाशासम्राज्ञी ही पदवी, आणि २००२ साली विपन्नावस्थेत मृत्यू. त्यांच्या नावाचा राज्य पुरस्कार मात्र २००६ पासून दिला जातो. पाठराखण म्हणजे गौरव, असे शासनाने आणि रसिकांनी धरून चालल्याचा हा परिणाम होय. २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्सबारवर बंदी आणली तेव्हा हीच गुंतागुंत नव्या रूपात पुढे आली. बंदीच्या समर्थकांत आणि विरोधकांत दोन्हीकडे स्त्रीमुक्तीची आणि दलितहिताची भाषा होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी अवैध ठरवली, तोवर अनेकींचे उत्पन्न कायमचे बुडाले होते.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे सर्वांत मोलाची साक्ष मिळते ती किशोर शांताबाई काळे यांच्या १९९४ सालच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनात. तमाशात नाचणाऱ्या कोल्हाटी स्त्रीचा हा मुलगा शिकून डॉक्टर झाला आणि त्याने आपल्या नावात बापाच्या जागी आईचे नाव लिहिले. पुस्तकात बाहेरचा रसिक येतो, ‘चिरा उतरण्या’चा विधी येतो, दौलत उधळणारा मालक येतो, पण लेखकाचा सर्वांत तीव्र राग घरातल्या पुरुषांवर आहे, बहिणीच्या आणि मुलीच्या कमाईवर बसून खाणाऱ्या भावांवर आणि बापांवर. म्हणजे दोषाची रेषा सवर्ण प्रेक्षक आणि दलित कलावती यांच्यामध्ये सरळ ओढता येत नाही. ती कलावतीच्या उंबरठ्याच्या आतही जाते. बापूरावांची देणगी नाकारताना वापरलेली कसोटी, ‘नाचवणारा कोण आणि खाणारा कोण’, काळे यांनी जणू स्वतःच्या घराला लावली आहे. दोघांत फरक एवढाच की काळे यांच्या पुस्तकात नाचणाऱ्या बाईला नाव आहे, आणि ते मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाच्या मधोमध छापलेले आहे.