नव्या संगणकावर डिस्क तपासणीची सूचना आली तर

नवा संगणक दुकानात लागून आठ दिवस होत नाहीत तोच सुरू करताना पडद्यावर डिस्क तपासणीची सूचना येते आणि मालकाच्या पोटात गोळा उठतो. विकणारा फोनवर सांगतो, ‘कोणतेही बटन दाबा, जाईल.’ आम्ही म्हणतो, आधी ती वाचा.

सूचना दोन जातींच्या. एक विंडोजची. काम चालू असताना वीज गेली की फायलींचा मेळ बिघडतो आणि पुढच्या वेळी विंडोज तो जुळवू पाहते. ही तपासणी पुरी होऊ द्यावी, यूपीएस लावावा. वीज न जाताही सूचना रोज येत असेल तर डिस्कची केबल पाहून घ्यावी. टेम्पोतून आलेल्या यंत्रात ती सैल होऊ शकते.

दुसरी विंडोजच्याही आधी येते: ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’. ही खुद्द डिस्कची फिर्याद. इथे चेकडिस्क चालवू नये. ‘स्लॅश आर’ची तपासणी सारी डिस्क वाचत सुटते, तासन्‌तास चालते, आजारी डिस्क तेवढ्यात दम तोडू शकते. प्रथम उधारीचे खाते, जीएसटीची बिले, कारागिरांच्या मजुरीचा हिशोब दुसऱ्या डिस्कवर उतरवावा. त्यात लोकांचा पैसा आहे, ती अमानत आहे. मग पडद्याचा फोटो आणि बिल घेऊन वॉरंटीत डिस्क बदलून मागावी. ‘फॉर्मॅट करून देतो’ म्हटले तर मानू नये, फॉर्मॅटने झिजलेली डिस्क नवी होत नाही. कंपनी डिस्क बदलून देते, आतला हिशोब देत नाही. तो उतरवल्याशिवाय जुनी डिस्क हातची सोडू नये.