घरातील बालशिक्षण : सण, ऋतू आणि हस्तकृती

तीन ते सहा वर्षे वयाचे मूल दिवसाचा बराचसा काळ घरीच घालवते. बालवाडीत जाणारे मूलही तीन-चार तासांनी घरी परतते. या उरलेल्या वेळात त्याच्या हातांना आणि मनाला कोणते खाद्य मिळते, यावर पुढील शिक्षणाचा पाया पुष्कळसा अवलंबून असतो. बंगळुरूसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. नोकरीनिमित्त निरनिराळ्या प्रांतांतून आलेली अनेक कुटुंबे येथे उंच इमारतींतील दोन-तीन खोल्यांत राहतात. आजी-आजोबा दूर गावी असतात, आईवडील दोघेही कामावर जातात आणि अंगण तर नसतेच. अशा स्थितीत मुलाला एक तर पडद्यासमोर बसवले जाते, किंवा ते मागे पडू नये या धास्तीने त्याच्या हाती शक्य तितक्या लवकर पेन्सिल दिली जाते. दोन्ही मार्ग पालकांना सोयीचे वाटतात. परंतु दोन्हींत मुलाचे नुकसान आहे.

पडद्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेला सल्ला स्पष्ट आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलाने बैठ्या स्थितीत पडद्यासमोर दिवसाकाठी एका तासापेक्षा अधिक वेळ घालवू नये. त्याहून कमी घालवल्यास उत्तमच. लेखनाविषयी शरीरशास्त्र बोलते. मनगटात आठ लहान हाडे असतात, आणि तिसऱ्या वर्षी त्यांपैकी बहुतेक अजून कूर्चेच्याच अवस्थेत असतात. बोटांचे बारीक स्नायूही तयार झालेले नसतात. अशा हाताकडून ओळीत अक्षरे गिरवून घेणे म्हणजे कच्च्या भांड्यात पाणी भरण्यासारखे आहे. मळणे, फाडणे, ओवणे, निवडणे, चिकटवणे या क्रियांनी तोच हात हळूहळू लेखनासाठी सिद्ध होतो.

पूर्वपीठिका

खेळ आणि हस्तकृती यांना शिक्षणाचे साधन मानण्याचा विचार नवा नाही. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रेबेल (१७८२–१८५२) याने चेंडू, ठोकळे, कागदाच्या घड्या आणि विणकाम यांना आपल्या बालोद्यानात मानाचे स्थान दिले. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्या १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा भारतातील मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. त्यापूर्वीच गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते.

या विचाराला गरीब घराच्या दारापर्यंत नेण्याचे श्रेय मात्र ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्याकडे जाते. १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसरी पद्धतीची मूळ साधने महाग होती. आदिवासी पाड्यांत ती आणणे अशक्य होते. म्हणून या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणि काड्या हीच साधने केली. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात शाळा गेली, आणि अंगणवाडीची कल्पना आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ झाला, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर हे त्या पहिल्या ३३ ठिकाणांपैकी एक होते.

कोसबाडचा धडा शहरातील घरालाही लागू पडतो. साधन विकत आणावे लागत नाही. ते परिसरातून उचलावे लागते. एका आठवड्यासाठी एक विषय घ्यावा आणि तो विषय मुलाच्या आजूबाजूला त्या वेळी खरोखर घडत असलेल्या गोष्टींतून निवडावा, एवढे पथ्य पाळले म्हणजे पुरे. मोजणे, बोलणे, चित्र काढणे, गोष्ट सांगणे या सर्व क्रिया मग एकाच वस्तूभोवती आपोआप गुंफल्या जातात.

शेंगांचा आठवडा

कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बंगळुरूच्या बसवनगुडी भागात कडलेकायी परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. येथील टेकडीवर एकाच दगडात कोरलेला प्रचंड नंदी आहे. त्याचे देऊळ सोळाव्या शतकात केंपेगौडाने बांधले, असे सांगतात. आसपासच्या शेतकऱ्यांचे भुईमुगाचे पीक एक बैल रात्री खाऊन जाई; त्याला शांत करण्यासाठी पहिले पीक नंदीला वाहण्याची प्रथा पडली, अशी आख्यायिका आहे. आज तेथे शेते उरलेली नाहीत, पण जत्रेच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग लागतात.

अर्धा किलो शेंगा घरी आणल्या म्हणजे आठवड्याचा अभ्यासक्रम तयार होतो. पहिल्या दिवशी मुलाने शेंगा हाताळाव्यात, कानाशी नेऊन खुळखुळवाव्यात आणि एकदाणी, दोनदाणी, तीनदाणी असे ढीग करावेत. निवडणे आणि वर्ग पाडणे ही गणिताची पहिली पायरी होय. दुसऱ्या दिवशी घरातील प्रत्येक माणसाच्या ताटलीत एकेक शेंग ठेवावी. यातून एकास-एक ही जोडणी समजते. या ठिकाणी पालकांनी एक प्रयोग अवश्य करून पाहावा. पाच शेंगांच्या दोन ओळी समोरासमोर मांडाव्यात. मूल त्या सारख्याच आहेत असे सांगेल. मग एका ओळीतील शेंगा दूरदूर सरकवून पुन्हा विचारावे. चार-पाच वर्षांची बहुतेक मुले आता लांब ओळीत शेंगा जास्त आहेत असे म्हणतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी अशा प्रयोगांवरून दाखवले की, एक ते वीस अंक तोंडपाठ असणे आणि संख्या समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुलाचे उत्तर चुकले तर त्याला रागावू नये व दुरुस्तही करू नये. पुष्कळदा मांडता-मोडता त्याचे त्यालाच ते उमगते.

तिसऱ्या दिवशी टरफले कामाला येतात. जाड कागदावर खळ लावून ती चिकटवली म्हणजे कासवाची पाठ, होडी किंवा बैलाची शिंगे तयार होतात. चौथ्या दिवशी न भाजलेले चार दाणे कुंडीत पेरावेत. आठ-दहा दिवसांत जमीन उचलून कोंब वर येतो. कुंडी मोठी असेल आणि ऊन भरपूर मिळत असेल तर पुढे पिवळे फूल येते आणि त्यातून निघालेली आरी खाली वाकून मातीत शिरते. फूल वर आणि फळ जमिनीखाली, हे आश्चर्य पाहण्यास तीन-चार महिने लागतात. परंतु वाट पाहणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

पायऱ्यांवरील बाहुल्या

नवरात्रात म्हैसूर-बंगळुरूच्या अनेक घरांत गोंबे हब्ब, म्हणजे बाहुल्यांचा उत्सव साजरा होतो. विषम संख्येच्या पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या सजवतात. सर्वांत वर पट्टद गोंबे नावाची राजा-राणीची लाकडी जोडी असते; ती लेकीला लग्नात देण्याची चाल आहे. लहान मुलांसाठी मात्र सर्वांत खालची पायरी राखून ठेवावी. तेथे त्यांनी आपले गाव वसवावे. आगपेट्यांची घरे, दोऱ्याच्या रिळांची झाडे, काड्यांचे कुंपण आणि मोहरी पेरून उगवलेले हिरवे शेत, एवढ्याने बाजार उभा राहतो.

गावातील माणसे कणकेची करता येतात. दोन वाट्या गव्हाचे पीठ, एक वाटी मीठ, थोडे तेल आणि लागेल तसे पाणी घेऊन घट्ट गोळा मळावा. हळदीने पिवळा आणि बिटाच्या रसाने तांबडा रंग येतो. मीठ भरपूर असल्याने हा गोळा झाकून ठेवल्यास काही दिवस टिकतो; त्याच कारणाने तो खाऊ नये, हे मुलाला सांगून ठेवावे. माणसे तयार झाली की संवाद सुरू होतो. भाजीवाली कोणत्या भाषेत बोलते, वाणी पैसे कसे मोजतो, हे मूल स्वतःच ठरवते. त्याने केलेला हत्ती डुकरासारखा दिसला तरी तो हत्तीच होय.

रंग आणि लाकूड

बंगळुरूपासून सुमारे ६० किलोमीटरवर, म्हैसूरच्या वाटेवर चन्नपट्टण हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील कातारी कुड्याच्या जातीचे फिकट, मऊ लाकूड वापरतात. कन्नडमध्ये त्याला आले मर म्हणतात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. त्यानंतर केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. हळदीचा पिवळा आणि निळीचा निळा असे वनस्पतिज रंग येथे वापरले जातात. महाराष्ट्रात सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळांची अशीच ख्याती आहे.

अशी चार खेळणी घरात असली तर रंगांचा आठवडा सहज होतो. एकावर एक चढणाऱ्या चकत्या लहान-मोठ्या क्रमाने लावणे, एका रंगाच्या वस्तू घरभर शोधून आणणे, हळदीच्या पाण्यात कापडाचा तुकडा बुडवून त्यावर साबण लावणे आणि पिवळ्याचा तांबडा होताना पाहणे, हे खेळ मुलांना विलक्षण आवडतात.

पाने, फुले आणि चव

हैदर अलीने १७६० मध्ये ज्याचा पाया घातला त्या लालबागेत किंवा जवळच्या कोणत्याही रस्त्यावर पानांचा तोटा नाही. पान तोडू नये, गळलेले उचलावे. पानाची शिरांची बाजू वर ठेवून त्यावर पातळ कागद पसरावा आणि मेणखडू आडवा धरून हलकेच फिरवावा. शिरांचे जाळे कागदावर उमटते. पिंपळाचे पान काही आठवडे पाण्यात ठेवून अलगद धुतल्यास मऊ भाग निघून जातो आणि जाळीदार पान हाती येते.

चैत्र प्रतिपदेला कन्नड घरात युगादी आणि मराठी घरात गुढीपाडवा असतो. बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, दोन्हीकडे खातात. कडू, गोड, आंबट, खारट अशा चवी डोळे बांधून ओळखण्याचा खेळ त्या आठवड्यात खेळता येतो.

भाषेचा प्रश्न

शहाजीराजांचे वास्तव्य बंगळुरूस झाले तेव्हापासून, म्हणजे १६३८ नंतर, मराठी या नगरीला परकी राहिलेली नाही. तरीही मराठी पालकांना शंका येते की, घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा गर्दीत मूल गोंधळेल काय? काही काळ ते शब्दांची सरमिसळ करते, हे खरे. परंतु तो दोष नव्हे. घरची भाषा सोडून देणे हा त्यावरचा उपाय तर मुळीच नाही. ज्या भाषेत आई रागावते आणि आजी गोष्ट सांगते, त्या भाषेतच मुलाची विचारशक्ती आकार घेते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घरच्या भाषेवर भर दिला आहे. शेंगा मोजताना एकदा एक, दोन, तीन आणि एकदा ओंदु, एरडु, मूरु म्हणावे. अक्का आणि अण्णा हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. अज्जी आणि आजी यांत एका जोडाक्षराचाच काय तो फरक. ही साम्ये मुलाला शोधू द्यावीत.

सावधगिरी

लहान बिया, मणी आणि सुटे शेंगदाणे यांपासून खरा धोका असतो. मूल ते नाकात घालते किंवा हसता-बोलता ते श्वासनलिकेत अडकतात. म्हणून तीन वर्षांखालील मुलाच्या हाती अशा वस्तू देऊ नयेत. मोठ्या मुलांनाही वडीलधारे माणूस शेजारी असतानाच द्याव्यात आणि खेळ संपल्यावर मोजून परत ठेवाव्यात. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत खाण्यास न देता कूट करून द्यावेत. स्वस्त, भडक रंगाची खेळणी तोंडात जाणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण काही रंगांत शिसे असते.

दुसरा धोका कमी दिसतो, पण अधिक व्यापक आहे. वस्तू सुबक व्हावी म्हणून पालक कात्री आपल्या हातात घेतात, चिकटवतात, रंगवतात, आणि मूल बाजूला बसून पाहते. भिंतीवर लावण्याजोगी वस्तू तयार होते; शिकणारा मात्र रिकाम्या हाताने उठतो. वाकडे कापलेले, खळीने माखलेले आणि अर्धवट सोडलेले काम मुलाचे स्वतःचे असते. दिवसातून अर्धा तास मोठ्या माणसाने जमिनीवर मुलाशेजारी बसावे, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे आणि न विचारलेले सांगण्याचा मोह आवरावा. तेवढ्याने दोन खोल्यांच्या घरातही अंगण निर्माण होते.